सुटकेस वकिलांची फुंकर

दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला शहाणा माणूस बायकोच्या आधी ‘सुटकेस’ वकिलांना फोन करी. त्यांनी केस घेतली की सुटका ठरलेली, म्हणून हे नाव. स्वतः वकीलसाहेब मात्र थेंबालाही शिवत नसत. खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरचं सगळं वाचून मगच घेत.

त्या सकाळी एका शिंप्याची केस होती. हा गडी पिऊन स्कूटर चालवत थेट पोलीस चौकीच्या भिंतीवर आदळला होता. बचाव एकच : पोलिसांचं श्वास तपासायचं यंत्र बेभरवशाचं आहे. उलटतपासणीचे प्रश्न पुटपुटत वकीलसाहेब गाडी हाकत होते आणि मेहुणीने परदेशातून आणलेली चॉकलेटं तोंडात टाकत होते. आत काहीतरी झणझणीत पातळ होतं. ‘तिकडे अशीच करत असतील,’ असं म्हणत त्यांनी अर्धा डबा फस्त केला.

कोर्टाच्या अलीकडच्या वळणावर नाकाबंदी होती. शिंप्याला पकडणारा हवालदारच पुढे आला. आजचा साक्षीदारही तोच.

"नमस्कार साहेब. फुंका."

"अहो, मला ओळखत नाही का?"

"ओळखतो म्हणून तर! ओळखीच्यांना सोडता, असं भर कोर्टात तुम्हीच सुनावलं होतंत."

वकीलसाहेब ऐटीत फुंकले. यंत्र किंचाळलं.

"अशक्य! मी आणि दारू?"

हवालदाराने नाक पुढे केलं, मग सीटवरचा डबा उचलला. "साहेब, ह्यावर बाटलीचं चित्र आहे. चॉकलेटात रम भरलीय."

वकीलसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला; पण वकील तो वकीलच. "हा तोंडात राहिलेला अंश आहे! चूळ भरू द्या, जरा थांबा आणि पुन्हा तपासा."

"पाणी? नको बुवा. ट्रकवाल्याच्या केसमध्ये पाणी दिलं, तर तुम्ही म्हणालात, पुराव्याशी छेडछाड."

"मग नका देऊ!"

"दंतवैद्याच्या केसमध्ये दिलं नाही, तर म्हणालात, आरोपीचा हक्क डावलला. आता मी कोणत्या वकीलसाहेबांचं ऐकू?"

एव्हाना मागे गाड्यांची रांग लागली होती. "काळा कोट घालून, तेही सकाळी सकाळी!" असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात एका गाडीची काच खाली झाली. त्यांचाच एक सुटलेला अशील होता.

"घाबरू नका साहेब, माझ्याकडे एका जबरदस्त वकिलाचं कार्ड आहे!" असं म्हणून त्याने त्यांच्याच हातात त्यांचंच कार्ड ठेवलं.

शेवटी तोडगा निघाला. वकीलसाहेबांनी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने खळाखळा चुळा भरल्या, रस्त्याकडेच्या दगडावर मुकाट बसून राहिले आणि मग नव्या नळीत जीव एकवटून फुंकर घातली. यंत्रावर शून्य!

"पाहिलंत?" ते टुणकन उडाले. "यंत्र कधी खोटं बोलत नाही! सोन्यासारखं यंत्र आहे हे!"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. हवालदाराने यंत्र हळूच पिशवीत ठेवलं. "चला साहेब, मलाही कोर्टातच जायचंय. सोडता का?"

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हवालदाराने तेच यंत्र दाखवलं. वकीलसाहेब उठले, घसा खाकरला.

"हे यंत्र... भरवशाचं आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"मी कशाला म्हणू? सकाळी नाकाबंदीवर एका मोठ्या वकिलांनीच सांगितलं. नाव सांगू का?"

"प्रश्न संपले!" असं म्हणून वकीलसाहेब मटकन खाली बसले. न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

शिंप्याला दंड झाला आणि सहा महिने लायसन्स बंद. बाहेर आल्यावर शिंप्याची बायको तरातरा चालत आली. आता आपला उद्धार होणार म्हणून वकीलसाहेबांनी फाईल छातीशी धरली.

"वकीलसाहेब, फार उपकार झाले," ती म्हणाली. "आता हे पायी येतील, पडले तर आमच्या दारात पडतील. मला जरा झोप तरी लागेल."

वकीलसाहेबांची फाईल हळूहळू खाली आली. ती जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"माझ्या भावाचीही अशीच केस आहे. हरायचे किती घेता?"