पायाखालचा सूर

दमयंतीबाईंच्या निरोप समारंभात आपण भाषण करायचं नाही, गाणं म्हणायचं, एवढंच रविकांतरावांनी ठरवलं होतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. बाईंनी सगळी नोकरी श्रीरामपूरच्या एकाच शाळेत काढली होती, आणि रिटायर होणाऱ्या बाईंच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत अशी तिथली पद्धत होती. (मागच्या वर्षी एक यजमान दोन शब्दांसाठी उठले आणि चहा गार होऊन पुन्हा गरम करेपर्यंत बोलत राहिले.) त्यापेक्षा गाणं परवडलं, असं हेडमास्तरांनाही वाटलं असावं.

गाणंही ठरलेलंच होतं. पुणतांब्याला मुलगी बघायला गेले तेव्हाचं. पोहे झाल्यावर रीतीप्रमाणे मुलीला गाणं म्हणायला सांगितलं, तर मुलीचे वडील मोकळेपणानं म्हणाले की आमच्या मुलीला गाणं येत नाही. मुलगा गातो म्हणे, मग त्यालाच म्हणू द्या. तेव्हा साखर कारखान्याच्या हेड ऑफिसातल्या त्या तरुण क्लार्कनं सतरंजीवर मांडी घालून चक्क काळी चारमध्ये भावगीत म्हटलं. अंतऱ्याला सूर असा वर गेला की पडवीतली माणसं गप्प झाली, आणि आठवड्याच्या आत होकार आला. ही हकीकत रविकांतराव वरचेवर सांगत. सुरुवातीला तो सूर पडवीपर्यंतच गेला होता. मधुवंतीच्या जन्मानंतर तो गल्लीच्या टोकाला पोहोचला. (मुलीचं नाव रागावरून ठेवलं ते त्याच भरात.) अलीकडे तर गोदावरीच्या पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर करून पाहिलं होतं. दमयंतीबाई हे ऐकताना शेंगा सोलत असत आणि काही बोलत नसत.

अडचण एकच होती. तो सूर आता लागत नव्हता. अंतरा आला की घसा हात वर करायचा. आणि रविकांतरावांना तर तोच सूर बायकोला पुन्हा एकदा ऐकवायचा होता. संसारात तिला फार काही देता आलं नाही, असं त्यांना अधूनमधून मनापासून वाटे. बदल्या नाकारल्या, भंडारदऱ्याच्या पुढे कधी फिरायला नेलं नाही. निदान तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, ज्या सुरावर तिनं आपल्याला पसंत केलं तो सूर तरी द्यावा.

म्हणून ते नियाजच्या दुकानात गेले. नियाजचा साऊंड सिस्टिमचा धंदा; त्याच्या वडिलांनीच रविकांतरावांच्या लग्नात कर्णा लावला होता. आवाज वर नेणारं एखादं यंत्र निघालंय का, असं त्यांनी इकडेतिकडे बघत, औषधाच्या दुकानात नको ती वस्तू मागावी तसं विचारलं. नियाजनं काउंटरवर तीन डबे मांडले. पहिल्या डब्यातून आपल्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज गाई. तो रविकांतरावांनी नाकारला. बायकोच्या निरोपाला आपल्याबरोबर गाणारा हा दुसरा माणूस कोण, याचा खुलासा कोण करत बसणार? दुसरा डबा चुकलेला सूर आपोआप दुरुस्त करी. तो पाहून ते दुखावले. तिसरा म्हणजे एक पेडल होतं. पाय दाबला की आवाज वर जायचा, उचलला की जागेवर यायचा. हात हातवाऱ्यांना मोकळे, आणि पेडल कुंड्यांच्या आड ठेवलं की कोणाला पत्ता नाही. तेच त्यांनी पसंत केलं.

"काका, एक करा," नियाज म्हणाला. "तबल्यावर दोनदा म्हणून बघा. पायाचं काम हाय, लई नाजूक."

पण तबल्याला होते बाईंच्याच शाळेतले ओंकार सर, आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे. शिवाय तालाचं आपल्याला कुणी सांगावं? रविकांतरावांनी दमयंतीबाई शाळेत असताना, मागच्या खोलीत, एकट्यानं तालीम केली. तबला नाही, काही नाही. पेडल अंतऱ्याला बरोबर दाबलं जाई आणि पुणतांब्याचा सूर (थोडासा नाकात, पण पुणतांब्याचाच) खोलीभर फिरे. तो ऐकताना त्यांचे डोळे भरून येत. शेजारच्या झुंबरबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "दुपारची कुणाची पोरगी रडती वो तुमच्यात?" टीव्ही, असं त्यांनी सांगितलं.

समारंभाला हॉल भरला होता. मधुवंती पुण्याहून आली होती आणि पुढच्या रांगेत मोबाईल धरून बसली होती. दमयंतीबाई नारळ, शाल आणि गुच्छ सांभाळत व्यासपीठावर बसल्या होत्या. रविकांतराव माईकसमोर उभे राहिले, चपला काढल्या, कुंड्यांच्या आड उजवा पाय हलकेच पेडलवर ठेवला आणि ओंकार सरांकडे बघून मान हलवली. सरांनी ठेका धरला.

आणि ठेका सुरू होताच रविकांतरावांचा उजवा पाय ताल धरू लागला.

तो पाय तरुणपणापासून ताल धरत आला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि तो कुणाला विचारत नव्हता. धृपदाच्या पहिल्याच समेला यजमानांच्या गळ्यातून एक लहान मुलगी बाहेर पडली आणि लगेच आत गेली. पुढच्या समेला पुन्हा आली. रविकांतरावांना वाटलं, विद्यार्थिनींपैकी कुणीतरी चावटपणा करतंय. त्यांनी गातागाताच रांगांकडे डोळे वटारले. हॉलमध्ये खसखस पिकली. त्यांनी जास्त जीव ओतला, पायानंही ओतला. ओंकार सरांना हसू आवरेना आणि हाताला कंप सुटला, त्यामुळे लय वाढली, आणि लयीबरोबर पायही. आता ती मुलगी दर मात्रेला बाहेर येऊ लागली. हेडमास्तर टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. दमयंतीबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. गाणं भिडलं, असं समजून रविकांतराव गहिवरले.

अंतऱ्याच्या तोंडाशी त्यांना समजलं. पाय थांबेना, तेव्हा ते स्वतःच माईक घेऊन पेडलपासून दूर सरकले. गाणं अर्धवट सोडायचं नाही, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचलं. डोळे मिटून, स्वतःच्या आवाजात, ते त्या सुरावर चढायला गेले. सूर मधेच फाटला. अगदी टराटरा फाटला. हॉल शांत झाला, आणि मग टाळ्या पडल्या, त्या बराच वेळ पडत राहिल्या. डोळे उघडले तेव्हा दमयंतीबाई हसत नव्हत्या. पदरानं डोळे टिपत होत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर रविकांतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. मधुवंती व्हिडिओ बघत आत हसत होती, ते ऐकू येत होतं. बाईंनी चहा आणून दिला आणि त्या समोर बसल्या. मग रविकांतरावांनी सगळं सांगून टाकलं. डबा, नियाज, मागची खोली, सगळं.

"पुणतांब्याचा सूर द्यायचा होता गं तुला," ते म्हणाले. "त्याचा पार विचका झाला."

"दिलात की," दमयंतीबाई म्हणाल्या. "पुणतांब्यालाही तिथंच फाटला होता. अगदी तस्साच. आज ऐकला आणि मला आमची पडवी आठवली, बाबा आठवले. डोळ्यांत पाणी आलं."

गोदावरीच्या पलीकडच्या बायका एकेक करून धुणं उचलून निघून गेल्या.

"फाटला होता? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगायचात."

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग हळूच, पण थोड्या आशेनं त्यांनी विचारलं, "मग तू होकार कशावर दिलास?"

बाईंनी रिकामा कप उचलला.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "एवढं झाल्यावर हा माणूस काही जन्मात पुन्हा गाणार नाही."