अर्ध्या मिशीचा सोमवार

"बाबा, हलू नका. फक्त डावी बाजू काढा."

निरीक्षकसाहेब वस्तरा धरून आरशासमोर उभे होते. मागे लेक, लेकीच्या मागे तिचा कॅमेरावाला वर्गमित्र, आणि त्याच्या मागे स्टुलावर चढलेली आई. लग्न झाल्यापासून ती "काढा हो ते झुडूप" म्हणत आली होती. हा सोहळा ती कसा चुकवेल?

लेक विद्यापीठात साहित्य, सिनेमा आणि सर्जनशील लेखन शिकत होती. "या तिन्हींत नोकरी कुठं बसते तेवढं दाखव," असं साहेब प्रवेशाच्या दिवसापासून म्हणत होते. आता तिला परीक्षेसाठी एक छोटा मूकपट करून द्यायचा होता. त्यात नापास झाली, तर गुपचूप हिशेबतपासणी शिकायची, असं ठरलं होतं. पण आयत्या वेळी नायकाची चिकटवलेली मिशी त्याच्याच चहात पडली. लेकीचा रडवेला चेहरा बघून बाप विरघळला आणि त्यानं आपली अस्सल मिशी देऊ केली.

गोष्ट एवढीच होती. एक माणूस अर्धी मिशी काढतो, तोच दाराची बेल वाजते. तो तसाच जाऊन दार उघडतो. संपलं.

डावी बाजू झकास निघाली. आई टाळी वाजवणार, इतक्यात कॅमेऱ्यानं मान टाकली.

"बॅटरी चार्ज करायला विसरलो," वर्गमित्र पुटपुटला. ती चार्ज होईपर्यंत खिडकीतलं ऊन गेलं.

"दाराचा शॉट उद्या संध्याकाळी याच उन्हात घेऊ," लेक म्हणाली.

"घ्या की," म्हणत साहेबांनी वस्तरा उजवीकडे नेला.

"बाबा! कंटिन्युइटी!" लेकीनं हातच धरला. "आरशात जेवढी मिशी, तेवढीच दारात हवी. आणि मंगळवारी सकाळी सिनेमा द्यायचाय."

"अगं, उद्या सोमवार! कामावर काय घेऊन जाऊ?"

"रुमाल," आई म्हणाली.

साहेबांचं काम होतं दुकानांतले वजनकाटे तपासण्याचं. दोन्ही पारडी समान हवीत, यावर त्यांनी आयुष्य काढलेलं. रजा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सोमवारी ते नाकावर रुमाल धरून सर्दी झाल्यासारखे बाजारात गेले. पहिल्याच किराणा दुकानात ते पारड्यावर वाकले आणि रुमाल पारड्यात पडला.

वाण्यानं बराच वेळ निरखून पाहिलं. "साहेब, काटा माझा बरोबर आहे. तुमचंच एक पारडं रिकामं दिसतंय."

मग सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेबांनी कुरकुरतच गोष्ट सांगितली. गोष्ट बेल वाजण्यापर्यंत आली, तेव्हा वाण्यानं गिऱ्हाइकाची साखर अर्धवट सोडली होती.

"मग? दारात कोण होतं?"

"ते काही सांगितलं नाही तिनं."

"आणि तुम्ही विचारलंही नाही? मिशी देऊन मोकळे झालात?"

हा प्रश्न साहेबांना लागला. ऑफिसात पोचेपर्यंत तो खड्यासारखा बुटात टोचत राहिला. ऑफिसात तर नवी गर्दी जमली. टायपिस्टबाईंच्या मते दारात पहिली बायको होती. कारकुनाच्या मते न्हावी. वरिष्ठांनी खरं तर झापायलाच बोलावलं होतं, पण शेवटी त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मला सांगा. कोण होतं?"

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच साहेबांनी तोच प्रश्न केला.

"ते दाखवायचंच नाहीये, बाबा. आमच्या मॅडम म्हणतात, प्रेक्षकांनी ठरवायचं."

"प्रेक्षकांचं जाऊ दे! तुला तरी माहितीये का?"

लेकीलाही माहीत नव्हतं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

कॅमेरा दाराच्या आत, भिंतीला चिकटून उभा राहिला. आई बाहेर जाऊन बेल वाजवी, साहेब दार उघडत. पण बाहेर आई आहे हे पक्कं माहीत, त्यामुळे चेहऱ्यावर 'किल्ली घेऊन जायला काय झालं होतं' यापलीकडे काही उमटेना. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ऊन दाराच्या कडीपर्यंत सरकलं. लेकीचे डोळे भरून आले. तिला खरोखर हेच शिकायचं होतं, आणि ते हातचं चाललं होतं. साहेबांना ते दिसलं, आणि आपल्याला अभिनय येत नाही याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"एकदा शेवटचं," ते म्हणाले. "जरा पाणी पितो."

आई पाण्याचा पेला घेऊन आली. वर्गमित्रानं कॅमेरा सुरू केला. बेल वाजली.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई पेला धरून आतच उभी होती.

"मग बाहेर कोण आहे?" साहेब कुजबुजले, आणि अर्ध्या मिशीनिशी, दबकत, दाराकडे गेले. कडी काढली. दार उघडलं.

बाहेर वरिष्ठ उभे होते. त्यांच्या मागे टायपिस्टबाई, कारकून, आणि पायरीवर वाणी.

"राहवलं नाही हो," वरिष्ठ ओशाळून म्हणाले. "कळलं का, दारात कोण होतं ते?"

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग हळूहळू उजवी मिशी थरथरून त्यांना असं काही हसू फुटलं, की लेकीनं भिंतीआडून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मंगळवारी वर्गात अंधार करून सिनेमा दाखवला. सफाचट झालेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. आई उगाचच सोबत आली होती. त्यांचा नवा चेहरा बघून तिचं अजून मन भरलं नव्हतं. सिनेमा संपला, दिवे लागले. लेकीचा जीव टांगणीला लागला.

"हा चेहरा!" मॅडम म्हणाल्या. "पास. पहिला नंबर."

तास सुटला, मुलं बाहेर पडली. मग मॅडम हळूच लेकीजवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगणार नाही. दारात कोण होतं गं?"

लेकीनं तोंड उघडलं, तोच मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. साहेबांचा हात सवयीनं मिशीला पीळ द्यायला गेला आणि रिकामाच परत आला.

"ते प्रेक्षकांनी ठरवायचं असतं, मॅडम," ते म्हणाले.