दादाचा अंगठा आणि वहिनीची मुलाखत

अगं थांब, चहा नंतर, आधी हे ऐक! आमच्या दादाने आज काय करून ठेवलंय माहितीये?

वहिनीची मुलाखत होती, ऑनलाइन. एका इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवर घरबसल्या काम. आधीच्या दोन ठिकाणी नकार आलेला, त्यामुळे बिचारीचा सगळा जीव याच्यात अडकलेला. कॉम्प्युटर हॉलमध्ये वायर लावून गुपचूप चालत होता. पण दादाला सकाळीच बायकोचा पुळका आला.

"हॉलमध्ये आईचा टीव्ही असतो. तू बेडरूममध्ये बस. वायर कशाला? घरात वायफाय आहे!"

"अरे, पण या कॉम्प्युटरला आहे का?"

"तू उत्तरं पाठ कर," म्हणत दादाने खस्सकन वायर ओढली.

बेडरूममध्ये सगळं मांडलं. वायफायचं चिन्हच दिसेना! दादाने सेटिंग्ज उघडली, मिटली, पुन्हा उघडली (जणू तेवढ्यात कोणी आणून ठेवणार होतं). राउटर स्टुलावर ठेवला, मग कपाटावर चढवला. शेवटी आईच्या डोक्यावर देऊन तिला दारात उभं केलं.

"आई, जरा डावीकडे!"

"मेल्या, मी आई आहे की खांब?"

"अरे, मोबाइलवर येतंय," वहिनी रडकुंडीला आली. "या डब्यातच काहीतरी नाहीये!"

"वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, तो ड्रायव्हर रुसलाय," दादा म्हणाला. (रुसलेली बायको समोर उभी, तिचं काही नाही!)

मग त्याने डबा खोलला. आत धूळ होती, पंखा होता. वायफायचं कार्ड नव्हतं. कधीच नव्हतं!

झालं, पळापळ! उचला, पुन्हा हॉलमध्ये आणा. वायर लावली तर बसेना. सकाळच्या हिसक्याने टोकाची क्लिप तुटलेली. अंगठ्याने दाबून धरलं की नेट चालू, सोडलं की बंद. दादा मुकाट्याने टेबलाखाली शिरला. मुलाखत सुरू!

"ग्राहक चुकतोय, पण ऐकतच नाही. काय कराल?" तिकडच्या साहेबांनी विचारलं.

वहिनी एकदम खुलली. "सर, आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत..."

आणि तिने सगळं सांगितलं गं! स्टूल, कपाट, डोक्यावर राउटर घेतलेली सासू, सगळं! साहेब खो खो हसतायत.

"मशीनमध्ये वायफाय नाही, आणि हे शोधतायत?"

"हो सर. आत्मविश्वासाने."

"लग्न झालंय त्यांचं?"

"झालंय, सर."

"अरेरे! बाईंचं अवघड आहे."

टेबलाखाली दादाचे कान लालबुंद. अंगठा नुसता शिवशिवतोय. जरासा ढिला सोडला की साहेब गायब! पण साहेबांबरोबर नोकरीही गायब, आणि बायकोने केवढी आस लावलेली. त्याने दात-ओठ खाऊन आणखी घट्ट दाबलं.

"मग त्यांना कसं समजावलंत?"

"समजावलं नाही, सर. हातात वायर दिली आणि खाली बसवलं." वहिनीने कॅमेरा खाली वळवला. "आता शांत आहेत."

दादाने मोकळा हात हलवला. दुसरं करणार काय?

नोकरी मिळाली गं! जागच्या जागी! वर साहेब म्हणतात, "ट्रेनिंगला येताना यांनाही आणा. नव्या मुलांना असा ग्राहक प्रत्यक्ष दाखवता येईल."

आता खरं सांग, त्याच्या जागी तू असतीस, तर तो अंगठा सोडला असतास की नाही?