सोपानरावांचं 'फुए'

सोपानराव शहागंजात मेथीची जुडी घेतानाही भाजीवाल्याचं वाक्य तपासतात. "ताजी, एकदम ताजी!" असं तो ओरडला, की यांचा प्रश्न ठरलेला, "क्रियापद कुठंय?" एकदा तो बिचारा म्हणाला, "चचा, वो आज मंडी में नै आया."

सोपानराव आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, वेरूळला गाईड आहेत. त्यांच्या वडिलांनी लेण्यांच्या माथ्यावर मेंढरं चारली. सोपानराव पाहुण्यांच्या मागं फिरून इंग्रजी शिकले आणि पन्नाशीत स्पॅनिशच्या मागं लागले. "इंग्रजी सगळ्याच गाईडांना येतं. स्पेनवाले मुक्यावानी बघून जातात, बरं वाटत नाय." मी शाळेत मराठी व्याकरण शिकवते, तेवढ्यावर त्यांनी मला परस्पर सल्लागार नेमून टाकलं. जिन्यात गाठून ते स्पॅनिश काळ समजावायचे, मी घड्याळ बघायचे.

गेल्या महिन्यात ते भर दुपारी माझ्या दारात उभे. शर्ट घामानं भिजलेला.

"मॅडम, लई मोठी चूक झाली."

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. कैलास लेण्यात एक वयस्क स्पॅनिश बाई एकटीच बसली होती. यांनी विचारपूस केली, तर ती म्हणाली, "मी मारिदो फुए गीआ." मी मारिदो म्हणजे माझा नवरा, गीआ म्हणजे गाईड आणि फुए म्हणजे गेला, एवढं यांना ठाऊक. म्हणजे हिचा नवरा कुण्या गाईडबरोबर निघून गेला!

"मी पळालो. पार जैन लेण्यांपर्यंत. दिसंल त्या गोऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तुमची बायको हरवलीय का? एक जण हो म्हणाला."

"मग?"

"मग काय, आणला त्याला धरून. ती त्याच्याकडं बघती, तो तिच्याकडं!"

बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं पर्समधून फोटो काढला. एक उंच माणूस, हातात छत्री, भोवती प्रवाशांचा घोळका. तिचा नवरा गाईड होता. वारून चार वर्षं झाली होती.

"असणं अन् जाणं, दोन वेगळी क्रियापदं," सोपानराव म्हणाले, "अन् भूतकाळात दोघांचं रूप एकच. होता बी फुए, गेला बी फुए."

"मग ओळखायचं कसं?"

"मागचंपुढचं ऐकून. पुढं गावाचं नाव आलं तर गेला, नुसतं कामाचं आलं तर होता. तिनंच शिकवलं."

मी हसत होते. ते हसत नव्हते.

"जाताना तिनं विचारलं, तुमची बायको काय करते? मी म्हणालो, घरी आहे."

त्यांची बायको कौसल्या जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"शब्द येत नव्हता असं नाय मॅडम. आत्ताच तर शिकलो होतो. पण तोंडातून निघालाच नाय."

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कौसल्या चौथी शिकलेली. जेवणं झाली की ती ही वही घेऊन बसायची. ती मराठी शब्द विचारायची, हे स्पॅनिश सांगायचे, शेजारी देवनागरीत लिहिलेल्या उत्तराशी ती ताडून बघायची. बरोबर आलं की बरोबरची खूण, चुकलं की फुली. फुल्या भल्यामोठ्या होत्या, काहींनी कागद फाटला होता. 'अनियमित भूतकाळ' एवढंच लिहिलेल्या पानावर मात्र एकही खूण नव्हती.

"हितं आलो अन् ती आजारी पडली. पुढं कुणी विचारलंच नाय. फुए तेवढा पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेला."

दीड वर्ष हा माणूस मला जिन्यात का गाठत होता, ते मला तेव्हा कळलं. मी खुर्ची पुढं ओढली, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्या कोऱ्या पानावर टेकवणार, एवढ्यात त्यांनी पानावर तळहात ठेवला.

"हिच्यात नको मॅडम," ते हळूच म्हणाले. "तुम्ही विचारणार असाल तर मी नवी वही आणतो."

ते जिना उतरले. खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.