माल्टावाले बापट काका

आमच्या जिन्यात बापट काका भेटले की हवापाण्याची चौकशी करत नाहीत. माल्टावर आज कोणाचं राज्य आहे, ते सांगतात. "काल अरब होते. आज सकाळीच नॉर्मन उतरले!" एवढं बोलून दुधाची पिशवी सावरत वर जातात.

काकू गेल्यावर मुलाने त्यांना न्युरेम्बर्गला आणलं. पहिल्याच उन्हाळ्यात सगळे माल्टाला गेले. घरचे समुद्रात पोहत होते, काका संग्रहालयात शिरले. ते मनाने अजून तिथून बाहेर आलेले नाहीत.

"नाइट्सना, त्या धर्मयोद्ध्यांना, राजाकडून अख्खी बेटं मिळाली, भाडं वर्षाला एक ससाणा! आमच्या चिरंजीवांना म्हणावं, असा घरमालक शोध." नेपोलियनवर मात्र खास राग. "जहाजात पाणी भरायचंय म्हणून आला आणि बेटच बळकावलं. अशा पाहुण्याला दारातच तांब्या द्यावा!"

गेल्या हिवाळ्यात त्यांची नात उर्वी बर्फावर घसरली. पाय प्लास्टरमध्ये, आईवडील ऑफिसात, सोबतीला आजोबा. उर्वीला मराठी कळतं, पण बोलते जर्मन. काकांना जर्मनचं अक्षर येत नाही. तरी काकांनी फिनिशियनांपासून सुरुवात केली.

"लांगवाइलिश!" उर्वी म्हणाली.

"कंटाळा आलाय म्हणतेय," मी काकांना सांगितलं; उर्वीला बघायला गेले होते.

"येऊ दे. रोमन यायचेत अजून." दुसऱ्या दिवशी रोमन आलेच. उर्वीने भिंतीकडे तोंड केलं, काका खुर्ची उचलून भिंतीच्या बाजूला जाऊन बसले.

एका दुपारी मी खिचडी घेऊन गेले, तेव्हा फ्रेंचांची हकालपट्टी चालू होती. उर्वीने मध्येच जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"इतके राजे आले, मग लोक घरी कुठली भाषा बोलायचे, असं विचारतेय."

काका पुढे सरकले. "अरबांच्या वेळची बोली होती ना, तीच. कचेरीत राजाची भाषा, पण घरी आया पोरांना त्याच बोलीत जेवायला बोलवायच्या. आजही बोलावतात." त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

उर्वी उशीला टेकून उठून बसली होती.

"आजोबा, मग?"

काकांचा पेला हातातच राहिला. "काय म्हणालीस?"

"मग? पुढे काय झालं?" तिने पुन्हा मराठीतच विचारलं.

पुढे इंग्रज. काकांना ते झोपेतही पाठ होते. पण त्यांनी आधी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"सांगतो," ते म्हणाले, "बाळा, सगळं सांगतो." आणि तिच्या पलंगावर, प्लास्टरला धक्का लागणार नाही असे, जरा जवळ सरकून बसले.