वेशीचा साग आणि हैबतीचा खिळा

श्री. ज्या झाडाच्या सावलींत राज्य बसलें त्या झाडास पहिला नमस्कार, मग देवास, आणि उरला तर राजास. शके १७०६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख वद्य पक्षीं एका राज्याच्या वेशीवरील जुना साग वादळानें पडिला, त्याचें आणि त्यांत राहिलेल्या एका खिळ्याचें वर्तमान येणेंप्रमाणें.

त्या राज्यीं ऐसी चाल होती कीं, जो मोहिमेस निघे त्यानें आपल्या घरच्या दाराचा एक खिळा उपटून वेशीच्या सागांत ठोकावा आणि मागें न पाहतां फौजेंत मिळावें. परत आला म्हणजे आपल्या हातें तो खिळा काढून दारास पुन्हा ठोकावा आणि मगच घरचें पाणी प्यावें. मेल्याची पक्की खबर आली तर घरच्या वडिलानें खिळा काढून नदींत सोडावा आणि सुतक धरावें. खिळा झाडांत आहे तोंपावेतों माणूस जिता, ऐसें सर्व मानीत. गोजराबाई म्हणोन एक विधवा होती, तिचा एकुलता लेक हैबती उत्तरेच्या मोहिमेस गेला त्यास बहुत पावसाळे लोटले, आणि दारास जें भोंक पडलें त्यांतून वारा शीळ घाली, आणि बाई तें बुजवीना. शेजारीण म्हणे, "अगं, चिंधी तरी कोंब त्यांत." तर ही म्हणे, "उद्यां आला म्हणजे काय चिंधीवर खिळा ठोकील?" आणि रोज सागापाशीं जाऊन खिळ्यास हळदीचें बोट लावी. पुढें झाडाच्या सालीनें खिळा गिळला, वर गांठ आली, मग बाई गांठीस हळद लावूं लागली.

साग पडल्याचें ऐकोन राजेसाहेब बहुत संतोष पावले, कारण त्यांस दिवाणखान्यांत झोपाळा पाहिजे होता, आणि तोही अखंड एका फळीचा. मग वाड्याच्या सामानाचे अंमलदार कारखानीस यांस हुकूम जाहला, आणि ते वेशीवर आले, आणि भिवा करवत्यास बोलावून म्हणाले, "आधीं लोखंड काढा, मग करवत लावा." हें ऐकतांच लोक गोळा जाहले, आणि गोजराबाई पुढें होऊन विचारती जाहली, "सरकार, फौज कशी आहे?"

"कुशल आहे. कालच दवंडी दिली, कान फुटले होते का?"

"कुशल आहे तर मग खिळे कां उपटतां?"

"लाकडांत लोखंड राहिलें तर करवतीचे दांत जातात, म्हातारे. हा झाडाचा सवाल आहे, माणसांचा नव्हे."

"तें दिसतंच आहे," ऐसें मागून कोणी बोललें, आणि दोघे चौघे हंसले, आणि शिपायानें कोरडा उचलला तेव्हां हंसूं थांबलें.

मग सांडशा लागल्या. खिळा निघे, आणि ज्या घरचा त्या घरची बाई जागच्या जागीं खालीं बसे. मोठ्यानें कोणी रडेना, कारण फौज कुशल होती, आणि कुशल फौजेसाठीं रडणें हा राजद्रोह होता. सारे खिळे टोपलींत भरून लोहाराकडे धाडिले, कीं झोपाळ्याच्या कड्या घडवावयास कामीं येतील. ऐसी त्या राज्याची काटकसर!

मग भिवा ओंडक्यावरून हात फिरवीत चालला, आणि एका गांठीवर त्याचा हात थांबला, आणि बोटास पिवळी हळद लागली. तों गोजराबाईनें त्याचें मनगट धरिलें.

"गांठ आहे रे बाबा ती. सागाला काय गांठी नसतात?"

"मावशी," भिवा हळूच बोलिला, "करवत मोडली तर माझी पाठ फोडतील."

"आणि तूं उपटलास तर माझा हैबती मेला."

भिवाच्या धाकट्या भावाचा खिळा सकाळीं हुकमानें त्यानेंच उपटला होता. मग त्यानें ओला चिखल घेऊन गांठीवर लिंपला आणि ओरडून सांगितलें, "ओंडका साफ आहे, सरकार!"

मग ओंडका खड्ड्यावर आडवा घातला, गेरूच्या दोरीनें रेघ मारली, भिवा वर आणि जोडीदार खालीं, आणि करवत चालली. पिवळा भुसा पडूं लागला, आणि सागाचा वास सुटला, आणि गोजराबाई पदर तोंडांत धरून उभी होती, कीं रेघ बाजूनें जावी. रेघ बाजूनें गेली नाहीं. करवत किंचाळली आणि दांत उडाले. कारखानिसांनीं विचारिलें, "कोणाची चूक?" गोजराबाईनें तोंड उघडलें, पण तिच्याआधीं भिवा बोलिला, "माझी. गांठ समजलों." मग त्यास झाडाच्याच बुंध्यास बांधोन कोरडे मारविले, आणि बाई उभी राहून पाहत होती, आणि "मींच त्यास सांगितलें" ऐसें तिच्यानें बोलवलें नाहीं, आणि तें तिला जन्मभर पुरलें.

दुसरी करवत आणून दोन फळ्या उतरविल्या, तों खिळ्याचे दोन तुकडे होऊन एकेक फळींत एकेक राहिलेला, आणि लोखंडानें लाकूड काळें पडून पुरुषभर लांबीचा डाग दोन्हीं फळ्यांस उमटलेला, जैसा कोणी माणूस निजला आहे. कारखानीस म्हणाले, "डाग खालच्या बाजूस करा. बसणारास काय दिसतें?" ऐसी एक फळी झोपाळ्यास गेली, आणि दुसरी टाकाऊ म्हणोन फेकिली, ती भिवानें फाटक्या पाठीवर घेऊन गोजराबाईच्या दाराशीं आणिली.

"मावशी, उपटला नाहीं. कापला गेला."

"मग माझा लेक आला म्हणूं कीं गेला म्हणूं?"

"मी करवत्या. मला काय ठाऊक?"

बाईनें त्यास पाणी दिलें, पाठीस हळद लाविली, आणि उरल्या हळदीचें बोट फळींतल्या खिळ्यास लाविलें, तों अर्धा खिळा आपण होऊन गळाला. तो तिनें दाराच्या भोंकांत घातला. भोंक खोल, खिळा तोकडा. सोडला कीं पडे. मग ती तो बोटानें दाबून धरून बसली.

एवंच, साग पडला, झोपाळा जाहला, राजेसाहेब झोके घेतात, आणि फौज अद्याप कुशल आहे. गोजराबाईनें सुतक धरिलें नाहीं आणि बोटही काढिलें नाहीं. हें ज्यास खोटें वाटेल त्यानें वाड्यांत जाऊन झोपाळ्याची फळी उलटी करून पाहावी.