जाळीवरच्या भोपळ्याचा पहिला घास

माणसाच्या आयुष्यातला पहिला भाजलेला घास ही सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत गंभीर बाब असून ती स्वयंपाकघरावर सोडणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, असं लिफ्ट-तपासनिसाचं ठाम मत होतं. (त्याने तपासलेली लिफ्ट आजवर कधी पडलेली नाही. त्याने तपासलेल्या बहुतेक लिफ्ट बंद असतात.)

त्याचा ढब्बू आठ महिन्यांचा झाला होता. पहिलं कुस्करलेलं केळं बायकोने भरवलं, पहिलं शिजवलेलं गाजर आईने. दोन्ही वेळा हा कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. त्यामुळे पहिला भाजलेला घास तरी आपल्याच हातून जावा, असं त्याला फार वाटत होतं.

सुट्टी काढून त्याने अकरा पानी कार्यपद्धती तयार केली. कलम एक: भोपळा दोन बोटांत दाबताच चिरडेल इतका मऊ भाजावा, साल व करपलेला भाग काढावा, मीठ नको, मध नको, तुकडा बोटाएवढा. कलम दोन: बाळ ताठ बसलेलं असावं आणि मोठ्या माणसाची नजर बाळावरून हलू नये. (इथे पहिलं पान संपतं. उरलेली दहा पानं सह्या कुणी, कुठे आणि कशा कराव्यात याच्या कलमांची आहेत.)

जाळीवर भाजलेले एकूण तुकडे बावीस. मऊपणाच्या चाचणीत चिरडून बाद, नऊ. चवीच्या पडताळणीत आईने खाल्ले पाच, वडिलांनी सात. वडिलांचा अहवाल अनुकूल होता, पण त्यांना अजून पुरावा हवा होता. तो नाकारण्यात आला, म्हणून एक तुकडा उरला.

"अरे, भरव की आता. पोर कधीचं आ वासून बसलंय," आई म्हणाली.

"कलम चौदाचं वाचन व्हायचंय."

"वाच बाबा," बायको म्हणाली. "तोवर याला खाली सोडते. खुर्चीचा पट्टा काचतोय त्याला."

एका हातात कागद, दुसऱ्यात तुकडा, असा तो चाळीस मिनिटं वाचत राहिला. सह्यांसाठी पेन शोधताना तुकडा खाली पडला. ढब्बू रांगत आला, ताठ बसला आणि त्याने तो मजेत खाल्ला. तुकडा मऊ होता, बिनमिठाचा होता, एव्हाना छान निवलाही होता. नियमभंग एवढाच, की घरातली चारही मोठी माणसं तेव्हा पान नऊवर सह्या करत होती.

तपासनिसाने 'भरवणाऱ्याचे नाव' या रकान्यात प्रामाणिकपणे 'फरशी' असं लिहिलं आणि चष्मा पुसला.

कार्यपद्धतीला आता सबंध इमारतीतून मागणी आहे. लोक ती मन लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तुम्हीही इथवर आलातच. कलम दोन आठवत असेल, तर आता मान वर करा आणि तुमचं बाळ तिकडे कोपऱ्यात बसून काय चघळतंय ते बघा.